पुरुषांनी बांधलेलं, बायकांचं घर

एल्मची साल सोलायची ती वसंतात. झाडात रस चढलेला असतो तेव्हाच ती खोडापासून मोकळी सुटते. पुढे ती घट्ट बसते आणि ओढताना तुकडे पडतात. आजच्या न्यूयॉर्क राज्यातल्या इरोक्वा या मूळनिवासी अमेरिकी लोकांच्या गावांत पुरुषांचं घरबांधणीचं काम या थोड्या दिवसांवर बेतलेलं असे.

खोडाला वर आणि खाली गोल काप द्यायचा, दोन्हींना जोडणारी एक उभी चीर पाडायची आणि साल सबंध उतरवायची. लगेच सपाट पसरून वर वजन ठेवायचं. नाहीतर वाळताना तिची गुंडाळी होते आणि सरळ करू गेलं की तडकते.

खांबांच्या रांगा, त्यांवर वाकवलेल्या कोवळ्या खोडांची कमान, वर सालीचं आच्छादन. वाऱ्याने ते उचकटू नये म्हणून बाहेरून काठ्यांची दुसरी चौकट. खिळा कुठेच नाही. बांधायला अंतर्सालीचे दोर. अशा लांबट घराची, म्हणजे लाँगहाऊसची, रुंदी साधारण ६ मीटर, उंचीही जवळपास तेवढीच, लांबी कुटुंबं असतील तशी. मधोमध चुलींची रांग आणि एकेका चुलीवर समोरासमोरची दोन कुटुंबं. छपरातली धुराची भोकं पावसात झाकावी लागत, की धूर घरभर.

एवढं करून घर आईकडच्या कुळाचं. लग्नानंतर पुरुष बायकोच्या लाँगहाऊसमध्ये राहायला जाई. बहिणीच्या घरी मात्र मामा म्हणून त्याच्या शब्दाला वजन असे.

शिकारी आणि योद्धा एवढंच चित्र रंगवलं, तर या माणसांचं निम्मं काम दिसतच नाही. शेतासाठी रान तेच मोकळं करत. मोठ्या झाडाच्या खोडाभोवती सालीचा पट्टा काढायचा. झाड उभ्याउभ्या वाळतं, ऊन खाली पोचतं. मग झुडपं जाळायची. मका, घेवडा, भोपळा बायका पेरत आणि पीक त्यांच्या ताब्यात राही. तंबाखू तेवढी पुरुष लावत. दहा-वीस वर्षांत माती थकली, जवळचं सरपण संपलं, की गाव हलायचं आणि कुऱ्हाड पुन्हा हातात.

कापणीनंतर हरणांची शिकार, थेट हिवाळ्यापर्यंत.

इरोक्वांच्या पाच राष्ट्रांच्या, म्हणजे एकत्र आलेल्या पाच जमातींच्या, महापरिषदेत ५० प्रमुख बसत, सगळे पुरुष. त्यांची निवड कुळमाता, म्हणजे कुळातल्या प्रमुख बायका, करत. हरणाची शिंगं ही त्या पदाची खूण. ताकीद देऊनही प्रमुख ऐकेना, तर ती उतरवली जात. लढाईला निघणाऱ्यांची मक्याची शिदोरी आणि पायातली मोकॅसिनंही बायकांच्याच हातची. त्यांनी ती नाकारली, तर मोहीम निघणं अवघड होई.