हातभर कागदावर बाळाची रात्र

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे बाळ जन्मलं की टोपडं, दुपटं, शेक-शेगडी. त्यामुळे जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला डॉक्टर मेंदू जपण्यासाठी मुद्दाम थंड करतात म्हटलं की घरचे हबकतातच. पूर्ण दिवसांचं बाळ, सहा तासांच्या आत सुरुवात, ३३ ते ३४ अंश सेल्सिअस, ७२ तास. मग तासाला फार तर अर्धा अंश ऊब. पण आज बोलायचंय ते तेव्हा डोक्याला लावलेल्या तारांबद्दल आणि त्यांतून मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राबद्दल.

त्या यंत्राची गोष्ट मजेदार आहे. ते बाळांसाठी बनलंच नव्हतं! लंडनमध्ये डग्लस मेनार्ड आणि पामेला प्रायर यांना हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांच्या मेंदूवर सतत नजर ठेवायची होती. नेहमीच्या ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाचा, कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर पळतो, म्हणजे तासाला १०८ मीटर. रात्रभराचं ते भेंडोळं वाचणार कोण? त्यांनी साधारण दोन ते पंधरा हर्ट्झच्या लहरी ठेवल्या, घाम, स्नायू आणि विजेची घरघर बरीचशी गाळली. कागद आणला तासाला सहा सेंटिमीटरवर. हो, तासाला सहा! आठ तासांची रात्र हातभर कागदात मावली. लहरी मिटून एक पट्टा उरला. १९६९ साली हे यंत्र प्रसिद्ध झालं आणि पुढे युरोपातल्या नवजात विभागांनी ते उचललं. डोक्याला थंड टोपी घालण्याच्या २००५ सालच्या चाचणीत बाळं निवडली ती हाच पट्टा पाहून.

पट्ट्याची वरची कड १० मायक्रोव्होल्टच्या वर, खालची ५ च्या वर, तर ठीक. खालची ५ पर्यंत किंवा त्याखाली उतरली तर काळजी. वरचीही १० खाली गेली तर गंभीर. खालची कड एकाएकी उसळली तर आकडीची शंका घ्यायची; या बाळांच्या कितीतरी आकड्या अंगावर दिसतच नाहीत, फेनोबार्बिटोन हे आकडीवरचं औषध दिल्यावर तर आणखी कमी.

पण दाबून लहान केलेला पट्टा फसवतोही. हृदयाचे ठोके, व्हेंटिलेटरची थरथर मिसळली की खालची कड वर चढते आणि निपचित मेंदू बरा वाटतो. उलट टाळूवर सूज असेल किंवा इलेक्ट्रोड जवळ सरकले असतील, तर चांगला मेंदू मंद दिसतो. म्हणून पट्ट्याशेजारची मूळ, न दाबलेली लहर पाहायची. पुन्हा सांगतो, पट्ट्यावर थांबू नका, मूळ लहर पाहा. फेनोबार्बिटोन दिल्याची वेळही तिथेच नोंदवा, त्यानं पट्टा काही काळ दबतो.

जाता जाता, बर्फाच्या पिशव्या ठेवून कुठेही बाळ थंड करायचा उत्साह मला पटत नाही. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त होते. माझं मत विचाराल तर आधी पैसा प्रसूतिगृहावर खर्चावा.

असो. थंड केलेल्या बाळाचा पट्टा ४८ तासांत सावरला तर आशा धरायला जागा असते. मात्र ७२ तास भरले म्हणून तारा काढायच्या नाहीत. ऊब परत देतानाही आकड्या येतात.