जर्मनीहून आलेलं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आता जर्मनीत आहेत. सुटीवर येताना त्यांतलं कुणी आई-बाबांसाठी भिंतीवरचं घड्याळ आणतं, खोक्यावर लिहिलेलं असतं ‘रेडिओ कंट्रोल्ड’. काटे कधी हातानं लावायचे नाहीत, म्हणे. तिकडे हे खरंच आहे.

आतलं यंत्र आपल्या घड्याळासारखंच, क्वार्ट्झचं. स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. 25 अंशांच्या आसपास त्याची चाल नीट असते. गारठा वाढो की उकाडा, दोन्हीकडे तो मंदावतो. तेव्हा मालव्याच्या मे महिन्यात घड्याळ काही सेकंद मागे पडलं, तर लगेच सेलवर ठपका नको.

ही चूक रेडिओ-घड्याळ रात्री दुरुस्त करतं. फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला डीसीएफ 77 नावाचं केंद्र आहे, 77.5 किलोहर्ट्झवर. तिथे ना गाणी, ना बातम्या. 1973 पासून ते सतत तारीख आणि वेळ सांगतंय, तीही सीझियमच्या अणुघड्याळावरून. सांगण्याची तऱ्हा मला फार आवडते. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीचा जोर थोडा वेळ उतरतो. सेकंदाचा दहावा भाग उतरला तर शून्य, पाचवा भाग उतरला तर एक. या शून्य-एकांतून मिनिट, तास, वार, तारीख, साल, सगळं एका मिनिटात कळतं. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र जोर उतरतच नाही. घड्याळ ओळखतं: आता पुढचा ठोका नव्या मिनिटाचा.

पण या केंद्राची हाक पोहोचते साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत, आणि इंदूर सहा हजारांच्याही पलीकडे. अमेरिका, ब्रिटन, जपान, चीन यांचीही अशी केंद्रं आहेत. भारतात या घड्याळांसाठी दीर्घलहरींवरचं केंद्र नाही. म्हणून राजवाड्यामागच्या एखाद्या घरात ते बिचारं रात्री कान देऊन बसतं आणि फुकट सेल खातं. बरं, चुकून ऐकू आलंच, तरी वेळ दाखवणार जर्मनीची. आणि यातल्या बऱ्याच घड्याळांत फरक पूर्ण तासांतच लावता येतो. आपला अर्धा तास कुठे बसवणार?

माझं ऐकाल तर मागचं रेडिओचं बटण बंद करता येत असेल तर करा आणि काटे हातानं लावा. वेळ मोबाइलवरून घ्या, किंवा आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टूं-टूंवरून. मात्र ती साध्या रेडिओ संचावर ऐका. मोबाइलच्या अ‍ॅपवर आमचा आवाज इंटरनेटवरून येतो, काही सेकंद उशिरा. आत्ता जे अ‍ॅपवर ऐकताहेत, त्यांनी या टूं-टूंवर घड्याळ लावू नये.