घर बघून अंतर निवडा

आयोजकांनी विषय दिला तो असा: नोकरी, घर, मित्र सांभाळून ट्रायथलॉन कसं करायचं. समोर निम्मे लोक सायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, उरलेले त्यांच्या घरचे आहेत. मी बोलणार आहे ते मुख्यतः घरच्यांशी. हेल्मेटवाले ऐकत नाहीयेत, ते मनगटावरच्या घड्याळात आपले ठोके बघतायत.

घरच्यांसाठी थोडक्यात. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही, बूट बदलायचा वेळही त्यातच धरतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर त्याच क्रमाने दीड, ४० आणि १० किलोमीटर. हाफ १.९, ९० आणि २१.१. आणि फुल, ज्याला सगळे आयर्नमॅन म्हणतात, ते ३.८, १८० आणि ४२.२, साधारण १७ तासांच्या आत. नाशिकमध्ये कुणी पहिली स्प्रिंट केली की पुढच्या रविवारी मिसळ खाताना त्याला विचारतात, "मग फुल कधी?" विचारणारा तुमच्या घरी मुलांना सांभाळायला येणार नसतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की अंतर घराकडे बघून निवडा. पाय तयार होतात, वर्ष-दोन वर्षं दिली तर बहुतेकांचे होतात. घरात दोन वर्षांचं मूल असेल किंवा वडिलांचं डायलिसिस चालू असेल, तर फुलचा सराव म्हणजे शेवटचे दोन-तीन महिने आठवड्याचे बारा-पंधरा तास दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकणं. स्प्रिंटला पाच-सहा तासांत भागतं. स्प्रिंट ही काय शर्यत झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा जीव तोडून करून बघावी.

हे तास मोजतानाही आपण सोयीने मोजतो. पाण्यात पाऊण तास, असं सांगतो. पण इंदिरानगरहून त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर जायचं, बॅचची वेळ गाठायची, अंघोळ, केस वाळवणं, परत येणं, यात दोन तास सहज जातात. धावायचं तर बूट घातले की सुरू. म्हणजे घराला सगळ्यात महाग पोहणं पडतं. त्यात पोहणंच आपल्याला नीट येत नसतं, म्हणून तेच जास्त करावं लागतं. यावर माझ्याकडे तोड नाही. पोहण्याचा वार घरातल्या कुणाच्या परीक्षेचा किंवा पहिल्या शिफ्टचा नसावा, एवढं बघता येतं. काही जण सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर लावतात आणि म्हणतात, मी तर घरीच असतो. पहाटे पाचला ती घरघर कशी लागते ते खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.

मग येतं कॅलेंडर. गोव्यात २०१९ पासून हाफ अंतराची मोठी शर्यत होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. सरावाचा जड काळ त्याआधीचे एक-दोन महिने. म्हणजे गणपती, नवरात्र, कधी दिवाळीच्या फराळाचे दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि आपण रात्री नऊला झोपायला जातो. गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी ९० किलोमीटर करून दुपारी पंगतीत पेंगणारे भाऊजी आता बऱ्याच घरांत दिसतात. माझ्या सासूबाईंनी यावर रीतसर तोडगा काढलाय. वर्षाच्या सुरुवातीलाच विचारतात, "शर्यत कधी आहे ते आत्ताच सांग, म्हणजे कुणाला कधी बोलवायचं ते मला ठरवता येईल." मी तारीख सांगते आणि गौरीचे तीन दिवस माझ्या वेळापत्रकातून त्या स्वतः खोडतात. कोच कुरकुरतो. तीन दिवसांत दम कुठे पळून जात नाही, हे त्यालाही माहीत आहे.

पुरुषांसमोर एक गोष्ट मुद्दाम बोलते. नवरा पहाटे साडेचारला उठला तर शेजारी म्हणतात, काय शिस्त आहे. मी उठले तर विचारतात, डबे कोण करतं? डबे नवरा करतो. चांगले करतो, भेंडी जरा जळते. ज्यांची बायको एकटी डबे करते आणि जे केळं खात खात सात वाजता घरात शिरतात, त्यांनी "घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे" म्हटलं की मी बायकोकडे बघते.

आणि हा खेळ सुरुवातीपासून एकट्याचा नव्हताच. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली ती जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोच्या पुढाकाराने. पोहणारा जास्त दणकट की धावणारा की सायकलवाला, हा वाद मिटवायला ती शर्यत. १५ जण उतरले, १२ पोचले. प्रत्येकाने आपली मदतीची माणसं स्वतः आणायची होती. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली. (इथे कुणी करून बघू नका.) आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण करून आले. सुमारे ४,८०० किलोमीटर, दोघांत वाटून, आणि बरोबर मदतीची अख्खी टीम.

मित्रांचं जरा अवघड असतं. घरचे निदान भांडतात, मित्र फोन करायचे बंद होतात. शनिवारी रात्री चार वेळा नाही म्हटलं की पाचव्यांदा कोण विचारेल? यावरचा उपाय मला सरावातच सापडला. सरावाचा मोठा भाग हळू करायचा असतो, झोन टू म्हणतात तो. त्याची साधी कसोटी अशी की धावताना सलग बोलता आलं पाहिजे. मग बोला की कुणाशी तरी! माझी शाळेपासूनची मैत्रीण अजिबात धावत नाही. ती साधी सायकल घेऊन माझ्या शेजारून सोमेश्वरपर्यंत येते आणि सगळा वेळ तिच्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलते. माझं उत्तर तुटक यायला लागलं की म्हणते, "हळू पळ गं, मी एकटीच बडबडतेय." ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यापेक्षा मला तिचा भरवसा जास्त वाटतो. आणि हो, रविवारी राइड संपल्यावर मिसळीला दीड तास बसता, तो घरी सराव म्हणून सांगू नका. त्यांना कळतं.

शर्यतीच्या दिवसाचं नियोजन लोक फक्त स्वतःचं करतात. एनर्जी जेल किती, मीठ किती. घरच्यांना मात्र पहाटे गोव्यात मिरामारच्या वाळूत उभं करून निघून जातात. पाण्यात एकसारख्या टोप्यांमध्ये तुम्ही कोणते, हे त्यांना दिसत नाही. नंतर सायकलवर तीन-साडेतीन तास तुम्ही गायब. त्यांना आदल्या दिवशी चालत नेऊन दाखवा: सायकलला निघताना कुठे उभं राहायचं, मग नाश्ता कुठे करायचा, धावण्याच्या फेऱ्यांत तुम्ही पुन्हा पुन्हा कुठून जाणार. लहान मुलं असतील तर सकाळी झोपू द्या, धावण्याला आणा. आणि परतीचं तिकीट सोमवारी रात्रीचं काढा. रविवारी संध्याकाळी तुम्ही पलंगावर आडवे असणार, त्यांना समुद्रावर न्यायला सोमवारच उरतो.