भिंत वाळली पाहिजे

(दृश्य: लालबाग, जुलै. चाळीतली खोली. पश्चिमेकडच्या भिंतीपासून कपाट पुढे ओढलं जातंय.)

कपाट वीतभर पुढे ओढलं की मागे काय दिसणार, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. खाली काळे-हिरवे ठिपके, वर रंगाला आलेले फुगे आणि आतल्या कपड्यांपर्यंत पोचलेला कुबट वास. रंग मागच्याच दिवाळीत दिलेला, चांगल्यातला, पुसता येणारा. रंगारी अंगठ्याने एक फुगा दाबतो. तो फुटतो आणि आतलं पाणी त्याच्या मनगटापर्यंत ओघळतं.

"वहिनी, रंगात खोट नाही. भिंत ओली आहे आणि वरून हे प्लास्टिक बसलंय. वाळणार कशी?"

बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाऊन तिथेच रेंगाळली की ते रुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवाच बहुतेक वेळ त्याच्या वर असते. त्यात भाताची वाफ, आंघोळीची वाफ, पंख्याखाली दमट राहणारे कपडे. खायला बुरशीला फार लागत नाही: साचलेली धूळ, जुन्या डिस्टेंपरमधला सरस, प्लास्टिक पेंट दाट करायला घातलेले सेल्युलोजचे पदार्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. ओल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका वाढतो, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोपडे खरवडून वर पुन्हा तोच रंग मारला जातो, आणि त्याच भिंतीला लागून रात्री लहान मुलाची गादी पडते. म्हणून हा विषय नुसत्या रंगकामाचा नाही. भिंतीला वाळू देईल असा लेप हवा, आणि तो आपल्याकडे जुनाच आहे: चुना.

(दृश्य: लोखंडी पिंप. तळाशी कळीच्या चुन्याची ढेकळं. पाणी ओतलं जातं.)

चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी पडल्यावर पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग एक ढेकूळ तडकतं, दुसरं तडकतं, वाफ उसळते, पाणी खदखदायला लागतं, आणि मघाचं कठीण ढेकूळ फुलून मऊ लगदा होतं. पिंपाला हात लावायची सोय राहत नाही. हा चुना मुरवून, गाळून, ताकाइतका पातळ करून कुंच्याने लावायचा, तोही भिंतीवर पाणी शिंपडून. कुंचा फिरला तरी आधी जवळजवळ काहीच दिसत नाही, खालचा गिलावा तसाच राहतो. नवखा माणूस इथेच घाई करतो आणि जाड हात मारतो. तो जाड थर पुढे भुकटी होऊन झडतो. पांढरेपणा वाळता वाळता वर येतो. असे तीन-चार पातळ हात द्यायचे. काम करताना हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

भिंतीवर बसल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. तो गिलाव्याशी एकजीव होतो, त्याची बारीक छिद्रं उघडी राहतात, आणि भिंतीत शिरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. शिवाय ताज्या चुन्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) १२ च्या वर असतो, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असतो. तिथे बुरशीचा टिकाव लागत नाही. चुनखडी होत जाते तसा हा सामू उतरतो, त्यामुळे ठरावीक काळाने नवा हात द्यावा लागतो. दसरा-दिवाळीच्या आधी घराला सफेदी करायची आपली रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळलेली असते आणि चुन्याला धरायला वेळ मिळतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. सफेदी अंगाला लागू नये म्हणून काही जण चुन्यात मीठ घालतात. मुंबईत ते करू नका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. खाऱ्या वाऱ्याने किंवा खाऱ्या वाळूने भिंतीत आधीच मीठ असेल, तर गळती नसतानाही ती पावसाळाभर ओलसर राहते आणि उन्हाळ्यात तिच्यावर लोणा, म्हणजे मिठाची पांढरी भुकटी, फुलतो. असा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं.

(दृश्य: गिरगाव. लाकडी गॅलरीची जुनी इमारत, एका बाजूला सिमेंटने केलेली दुरुस्ती.)

विटा आणि चुन्यात बांधलेल्या या इमारतींच्या गॅलऱ्या आणि पुढे आलेली छपरं नैर्ऋत्येचा पाऊस भिंतीपर्यंत येऊच देत नसत. दुरुस्तीत वरून सिमेंटचा घट्ट गिलावा चढला की आतली ओल कोंडते आणि सिमेंटची कड संपते तिथून बाहेर येते. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा योग्य, हे आमचं ठाम मत आहे.

चुना सोडून आणखीही खनिज लेप आहेत. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये जर्मनीत पोटॅशियम सिलिकेटच्या रंगाचं पेटंट घेतलं. तो गिलाव्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो, त्यामुळे पोपडे धरत नाही. जपानमध्ये डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची माती भिंतींना लावतात. आपल्या कुडाच्या भिंतीवरची माती तर वाफ शोषण्यात चुन्याहूनही सरस, पण तिला वाहतं पाणी सोसत नाही.

जाहिरातींत म्हणतात तसं यातला कुठलाही लेप घरातली आर्द्रता कमी करून दाखवणार नाही, निदान जुलैच्या मुंबईत तरी. शोषलेली वाफ परत सोडायला बाहेरची हवा कोरडी लागते. स्वयंपाकाच्या वेळची उसळी लेप थोपवतो. बाकीचं काम एक्झॉस्ट फॅन, पंखा आणि कपाट-भिंतीतल्या मोकळ्या जागेने करायचं. वरच्या मजल्याची मोरी गळत असेल तर आधी ती दुरुस्त झाली पाहिजे. एसीच्या गार खोलीला लागून असलेली भिंत पलीकडून ओली होत असेल तर एसीचं तापमान थोडं वाढवून बघा.

(दृश्य: रंगारी भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवतो.)

ओल कुठून येते हे कळायला एवढं पुरतं. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतून. मग ओंजळभर पाणी भिंतीवर मारून बघायचं. भिंतीने ते पिऊन घेतलं तर चुना धरेल. ओघळून खाली आलं तर आधी जुना रंग आणि पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडावी लागेल, आणि रंगाऱ्याशी मजुरी ठरवताना हे काम त्यात धरलंय का, ते आधीच विचारून घ्या.