लेबलावरचा आकडा आणि कमरेचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीत घेतलेला कुर्ता 'एल' होता, गुढीपाडव्याला घेतलेला 'एम' बसला. मग वजन उतरलं का? नाही. दुकान बदललं. लेबल म्हणजे वजनकाटा नव्हे, एवढं आज पक्कं लक्षात ठेवा.

लेबलावरचे नंबर आले कुठून, त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी हे काम पाहिलं. एकेकीची ५९ मापं! दंड, मनगट, गुडघा, घोटा, सगळं. काट्यावर उभं करून वजनही. मग आकडेमोड सुरू झाली: कोणती दोन मापं कळली की बाकीच्या अंगाचा अंदाज सगळ्यात बरा येतो? उत्तर निघालं, उंची आणि वजन. पण व्यवहारात ते चालेना. दुकानात काटा कुठे असतो? आणि बाई एक वेळ छातीचं माप सांगेल, वजन सांगणार नाही, असं धरलं गेलं. वजन बाजूला पडलं. बरं, ज्या बायका गोऱ्या नव्हत्या त्यांची मापं घेऊनही हिशेबातून वगळली. पुढे १९५८ मध्ये बायकांच्या तयार कपड्यांच्या मापांचं सरकारी प्रमाण निघालं. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच, कंबर साडेतेवीस. १९८३ मध्ये सरकारने ते प्रमाणही मागे घेतलं. गिऱ्हाइकाला लहान नंबर आवडतो, म्हणून कंपन्या नंबर तोच ठेवून कपडा सैल करत गेल्या. आज तिथला ८ नंबर कमरेला कितीतरी इंच मोठा असतो.

आपल्याकडच्या रेडीमेडनेही हीच परदेशी मापं उसनी घेतली. म्हणून तर निफ्टने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, 'इंडियासाईझ' हाती घेतलं, सहा शहरांतल्या २५,००० माणसांची मापं स्कॅनरने घ्यायची. त्यातच कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून कापतात, अर्ध्या इंचाचा फरक चालवून घेतात. एकाच नंबरच्या दोन पँटी म्हणूनच वेगळ्या बसतात.

शिंप्याच्या वहीत मात्र तुमचं खरं माप असतं, तारखेसकट. आणि जाता जाता सांगतो, गल्लीतला शिंपी टिकलाच पाहिजे. दहा वर्षांनी ब्लाउजच्या आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, उसवून तो सैल करून देणारा माणूस मॉलमध्ये भेटत नाही.

तर लेबल नको, टेप घ्या. कापडी टेप जुना झाला की ताणून लांब होतो, मग कंबर उगाच कमी भरते. आधी फूटपट्टीला लावून ३० सेंटिमीटर जुळतात का बघा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या मधोमध टेप धरा. बेंबीवरून अंदाजाने नको, सदऱ्यावरूनही नको. श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मोजा. दोनदा मोजा. आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. वजनही बघणार असाल तर काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. पुन्हा सांगतो: टेपचा आकडा लिहा, लेबलाचा नाही.

कंबर वाढली की उतरली हे कपड्यावरूनच बघायचं असेल तर नाडी आणि इलॅस्टिक बाद. लेगिंग तर दहा किलो वाढले तरी तक्रार करत नाही. न ताणणाऱ्या कापडाची एकच पँट मापासाठी ठेवा. सुती असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन आटू द्या. दोन दिवस वापरलेली पँट सैल पडते, म्हणून धुऊन वाळल्यावर पहिल्यांदा चढवाल तेव्हाच बघायचं. बटण लावा, कमरपट्टीत किती बोटं जातात ते बघा, आणि टेपच्या आकड्याशेजारी तारीख घालून लिहा.