वॉर्डाची यादी आणि एक चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

निवडणूक आयोग म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. तो आयोग १९५० सालचा. लोकसभा आणि विधानसभा त्याच्याकडे. पण गावचा सरपंच, पंचायत समितीचा सदस्य, वॉर्डातला नगरसेवक यांची निवडणूक तो घेत नाही. ती घेतो राज्य निवडणूक आयोग. पुन्हा सांगतो, लोकसभा-विधानसभा दिल्लीच्या आयोगाकडे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळं राज्याच्या आयोगाकडे.

पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. त्याआधी या निवडणुका कधी घ्यायच्या, हे बरंचसं सरकारच्या मर्जीवर असायचं. आता राज्य निवडणूक आयुक्तांना पदावरून काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना काढण्याइतकंच अवघड आहे. हे संरक्षण हवंच होतं.

आयोगाचं एक काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे मतदार यादी. आयोग नवी नावं नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. आधी प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागते, मग हरकतींची मुदत असते, मग अंतिम यादी. हरकतीची मुदत लक्षात ठेवा. का, ते सांगतो.

मी शिक्षक होतो. एका ग्रामपंचायतीला केंद्राध्यक्ष म्हणून गेलो होतो. शाळेच्या दोन वर्गांत दोन प्रभागांची केंद्रं. सकाळी साडेसातलाच एक आजी आल्या, डोक्यावर पदर, मुठीत ओळखपत्र. यादी दोनदा चाळली, नाव नाही. नाव निघालं शेजारच्या खोलीत, दुसऱ्या प्रभागात.

आजी म्हणाल्या, "गुरुजी, गल्ली तीच, दार तेच. पुतण्या माझा या खोलीत उभा आहे. मी तिकडं कुणाला मत देऊ?"

माझ्या हातात काही नव्हतं. मतदानाच्या दिवशी यादी बदलत नाही. आजी पलीकडे गेल्या, मत दिलं, शाई लावलेलं बोट दाखवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत मोजणीच्या टेबलावर मीच होतो. त्या प्रभागातल्या एका जागेचा निकाल आला. पुतण्याला २१४. समोरच्याला २१४. फेरमोजणी झाली, तरी २१४ आणि २१४.

मग ईश्वरचिठ्ठी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एकाच कागदाचे दोन तुकडे केले, नावं लिहिली, सारख्याच घड्या घातल्या, स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवला. बाहेरून सात-आठ वर्षांची एक मुलगी आणली. तिनं आधी हात फ्रॉकला पुसला, मग डब्यात घातला. एवढं मोठं दालन, पण घडी उलगडल्याचा आवाज ऐकू आला. चिठ्ठी समोरच्याची निघाली.

पुतण्या गुलालाचं पुडकं घेऊन आला होता. ते तसंच खिशात ठेवून त्यानं जिंकलेल्याला मिठी मारली. बाहेर जाताना मला एवढंच म्हणाला, "गुरुजी, काकूचं मत होतं ना."

जाता जाता एक सांगतो, कारण ते मला मनापासून खुपतं. बिनविरोध निवडणुकीचं आपण फार कौतुक करतो. एकोप्यानं झाली तर चांगलंच. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. योग्य केलं. ज्या मतदाराला मत द्यायचं होतं, त्याचं मत बोलीत विकलं गेलं होतं.

तर यादी. पुन्हा सांगतो, प्रारूप यादी लागली की आपलं नाव आपल्याच प्रभागात आहे का, हे मुदतीत बघा. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं असेल तर तेव्हाच दुरुस्त होतं. मात्र विधानसभेच्या यादीतच नाव नसेल, तर ते इथं नव्यानं घालता येत नाही.

पाच वर्षांनी त्याच गावात मला पुन्हा ड्युटी लागली. आजी पहिल्याच रांगेत होत्या. नाव माझ्याच यादीत होतं. प्रारूप यादी लागली त्या दिवशी नातवाला ग्रामपंचायतीत नेऊन त्यांनी ती अख्खी वाचून घेतली होती, स्वतःच्या घराची आणि शेजारच्या चार घरांचीही.

नमस्कार.