तळघरात घडलेला बोस्टन

मित्रहो, आज ज्या बँडबद्दल बोलायचंय त्याला बँड म्हणावं की नाही, इथूनच माझी पंचाईत सुरू होते. ‘बोस्टन’ या अमेरिकन रॉक बँडची १९७६ साली याच नावाची पहिली रेकॉर्ड आली. कव्हरच्या मागे पाच जणांचे फोटो आहेत, झिपऱ्या केसांचे, मिशीवाले, तेव्हाच्या फॅशनला शोभतील असे. प्रत्यक्षात त्या रेकॉर्डवरची जवळपास सगळी गिटार, बास आणि ऑर्गन टॉम शोल्झ या एकट्याने वाजवलीय, आणि गायलंय सगळं ब्रॅड डेल्पने. ड्रमर सोडला तर बाकीच्यांच्या वाट्याला एखाददुसरं गाणं. म्हणजे दोन माणसांनी पाच जणांचा आवाज उभा केला आणि दौऱ्यावर जायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी तो शिकून घेतला.

हा शोल्झ मूळचा ओहायोतल्या टोलेडोचा, जन्म १९४७. लहानपणी पियानो शिकला तोही शास्त्रीय. अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, मग तिथूनच मास्टर्स केलं आणि पोलरॉइड कंपनीत प्रॉडक्ट डिझाइनच्या विभागात नोकरीला लागला. फोटो काढला की कॅमेऱ्यातून लगेच कागद बाहेर येतो, ती पोलरॉइड. दिवसभर नोकरी करायची, संध्याकाळी घरी यायचं आणि बोस्टनजवळच्या वॉटरटाऊनमधल्या घराच्या तळघरात उतरायचं. पगार यायचा तो टेप रेकॉर्डर, मायक्रोफोन आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपमध्ये जायचा. असं काही महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. ‘मोअर दॅन अ फीलिंग’ हे एक गाणं मनासारखं व्हायला त्याला पाचेक वर्षं लागली.

आपल्या सभागृहात इंजिनिअरिंगवाले बरेच दिसतायत, म्हणून हा भाग जरा निवांत सांगतो. शोल्झकडे स्कली कंपनीचं बारा ट्रॅकचं टेप मशीन होतं. ट्रॅक म्हणजे टेपवरची एक स्वतंत्र पट्टी, जिच्यावर एक आवाज वेगळा रेकॉर्ड करता येतो. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडले तरी कुणी विचारत नाही. बारा ट्रॅक म्हणजे बाराच. ड्रमनाच त्यातले तीन-चार जातात. मग गिटारचे चार थर हवे असतील तर ते रेकॉर्ड करून एका ट्रॅकवर एकत्र उतरवायचे, जुने पुसायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचं वाजवायचं. एकदा एकत्र केलं की मागे फिरता येत नाही. तिसऱ्या थरात एक सूर चुकीचा लागलाय हे आठ दिवसांनी लक्षात आलं, तर सगळं पहिल्यापासून. शोल्झच्या वाजवण्यात जो काटेकोरपणा आहे तो काही अंशी स्वभावाचा आणि काही अंशी या अडचणीचा, असं माझं मत आहे.

दुसरी अडचण आवाजाची. व्हॉल्व्हवाला मार्शल अँप पूर्ण ताकदीने चालवला की व्हॉल्व्ह तापून सूर फाटतो, आणि ते फाटणं गोड लागतं. रॉक गिटारचा सगळा जीव त्यातच असतो. पण पूर्ण ताकदीने म्हणजे भिंती हलतील इतक्या मोठ्याने. राहत्या वस्तीत रात्री ते कसं जमायचं? शोल्झने अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये बसवायचं एक उपकरण तयार केलं. अँपमधून येणारी बरीचशी ताकद ते उष्णतेच्या रूपात गिळून टाकायचं, स्पीकरपर्यंत थोडीच जायची. अँपला वाटतं आपण जीव तोडून चाललोय, आणि शेजाऱ्यांची झोप शाबूत. पुढे १९८० मध्ये त्याने कंपनी काढली तेव्हा ‘पॉवर सोक’ या नावाने हेच पहिलं उत्पादन बाजारात आणलं.

आता डेल्प. मूळचा बीटल्सभक्त. तेव्हा तो हीटिंग एलिमेंट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि उरलेल्या वेळात गायचा. त्याचा आवाज किती वर जातो हे तुम्ही ऐकालच, पण त्याची खरी करामत वेगळी आहे. कोरसमध्ये तीन-चार जण गातायत असं वाटतं ना, ते सगळे डेल्पच. स्वतःच्याच आवाजाला स्वतःची साथ, तीही इतकी नेमकी की कुठे जोड दिसत नाही.

तळघरातल्या रेकॉर्डिंगचे हे नमुने, म्हणजे डेमो, रेकॉर्ड कंपन्यांकडे गेले आणि साभार परत आले. बऱ्याच खेपा झाल्या. अखेर सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या एपिक लेबलने करार केला: सहा वर्षांत दहा अल्बम द्यायचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावर हसायचंय. कंपनीची आणखी एक अट होती. घरगुती रेकॉर्डिंग चालणार नाही. व्यावसायिक स्टुडिओत, नामांकित निर्मात्यासोबत सगळं नव्याने करायचं. निर्माता म्हणून जॉन बॉयलन आला. त्याने डेमो ऐकले आणि त्याला कळलं की हे तळघर सोडलं तर गाण्यातली जादू जाईल. मग त्याने जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतं. बाकीच्या बँडला घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथल्या नामांकित स्टुडिओत ‘लेट मी टेक यू होम टुनाइट’ हे डेल्पचं गाणं रेकॉर्ड करत बसला. कंपनीचे साहेब खूश, काम कसं रीतसर चाललंय. आणि तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला शोल्झ आपल्या तळघरात उरलेला अल्बम एकटाच वाजवून काढत होता. काम झाल्यावर बॉयलनने प्रॉव्हिडन्सहून रेकॉर्डिंगचा ट्रक मागवला, केबल तळघराच्या खिडकीतून आत सोडली आणि बारा ट्रॅक चोवीस ट्रॅकच्या टेपवर चढवून घेतले. डेल्पचं गायन आणि सगळे ट्रॅक एकत्र जुळवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, तेवढं लॉस एंजेलिसला झालं. बँडला बोस्टन हे नावही त्याच सुमारास मिळालं, सुचवणारे बॉयलन आणि त्याचा इंजिनिअर वॉरन ड्युई.

ऑगस्ट १९७६ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली. कव्हरवर फुटणारी पृथ्वी आणि तिथून निसटणारी गिटारच्या आकाराची अंतराळयानं. आणि एक खास सूचना: यात सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सूर तयार करणारं वाद्य, वापरलेला नाही. त्या काळात हे छापावं लागलं, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास बसला नसता.

‘मोअर दॅन अ फीलिंग’ नीट ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला आवाज नसतोच. बारा तारांची अकूस्टिक गिटार लांबून चालत यावी तशी हळूहळू मोठी होते. डेल्प अगदी साधा, बोलल्यासारखा गायला लागतो. एक माणूस जुनं गाणं ऐकतो आणि त्याला सोडून गेलेली मुलगी आठवते, बास, गोष्ट एवढीच. जुन्या गाण्याची ही कल्पना शोल्झला लेफ्ट बँक या बँडच्या ‘वॉक अवे रेने’वरून सुचली, आणि गाण्यातलं मुलीचं नाव त्याच्या वयाने बऱ्याच मोठ्या चुलत-मावस बहिणींपैकी एकीचं, जी त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना जगातली सर्वांत सुंदर मुलगी वाटायची. मग कोरस येतो, टाळ्या येतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा जाड गिटारी येतात. पण माझा जीव अडकतो तो गिटारच्या सोलोच्या आधीच्या जागेवर. डेल्प आवाज चढवत चढवत इतका उंच नेतो की आता श्वास तुटणार असं वाटतं, आणि नेमका तिथे तोच सूर गिटार उचलते. आवाज कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली ते मला अजून पकडता आलेलं नाही. गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, म्हणजे चार्टवर, पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं.

‘पीस ऑफ माइंड’ हे ऑफिसात नोकरी करणाऱ्यांनी जरूर ऐकावं. बढतीच्या शिडीवर चढण्यासाठी धडपडणाऱ्या सहकाऱ्यांकडे पाहून शोल्झने ते लिहिलं. चार्टवर ते अडतिसाव्या क्रमांकावरच थांबलं, पण अमेरिकन रेडिओने त्याला कधी निवृत्त होऊ दिलं नाही. ‘रॉक अँड रोल बँड’ची गंमत वेगळी. बारमध्ये वाजवत वाजवत वर आलेल्या बँडची कहाणी त्यात आहे, आणि ती यांच्या आयुष्यात घडलेलीच नव्हती. तळघरातल्या माणसाने केलेली कल्पना! तरी ऐकताना घाम आणि बिअरचा वास येतो.

‘हिच अ राइड’ हिट नव्हे, पण तंत्रवाल्यांसाठी सांगतो. त्यात ऑर्गनचा एक सूर मध्येच खाली वाकतो. ऑर्गनचा सूर वाकत नाही. पट्टी दाबली की जो आहे तोच. शोल्झने काय केलं, तर टेपची फिरती चकती बोटाने हलकेच दाबून धरली. टेप मंदावली, सूर खाली आला, बोट काढलं, सूर परत जागेवर. एमआयटीच्या मास्टर्सचं बोट!

ती रेकॉर्ड एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख खपल्याची नोंद आहे. यश आलं आणि त्याबरोबर घाई आली. कंपनीला पुढचा अल्बम लगेच हवा. ‘डोन्ट लुक बॅक’ ऑगस्ट १९७८ मध्ये आला, पहिल्या क्रमांकावर गेला, त्याचं शीर्षकगीत चौथ्या क्रमांकावर. कुणीही आनंदाने नाचला असता. शोल्झ मात्र म्हणत राहिला की हा अपुरा आहे, घाईत सोडावा लागला. ऐकताना मलाही ते थोडं पटतं. ‘अ मॅन आय विल नेव्हर बी’ हे त्यातलं गाणं पहिल्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्याच्या तोडीचं आहे, पण बाकी काही ठिकाणी जुनाच साचा पुन्हा वापरल्यासारखा वाटतो.

आणि मग शोल्झने ठरवलं, आता घाई नाही. वर्षं जात राहिली. गिटारवादक बॅरी गुड्रोने १९८० मध्ये स्वतःचा अल्बम काढला, त्यात डेल्प आणि ड्रमर सिब हशियन होते. वर्षभरात गुड्रो बँडमधून बाहेर पडला. सीबीएसने पैसे अडवले, १९८३ मध्ये कराराचा भंग केला म्हणून खटला भरला. या काळात शोल्झचं घर आणि वकील कशावर चालले? रॉकमनवर. १९८२ मध्ये त्याने खिशात मावणारा, हेडफोन लावून वाजवायचा गिटार अँप काढला. वॉकमनसारखाच आकार, म्हणून तसं नाव. तो धडाधड खपला. डेफ लेपर्ड या बँडच्या ‘हिस्टेरिया’ अल्बमवरच्या गिटारींचा तो चकचकीत आवाज रॉकमनचाच. म्हणजे बोस्टनची रेकॉर्ड येत नव्हती तेव्हाही बोस्टनचा सूर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजत होता.

‘थर्ड स्टेज’ अखेर १९८६ मध्ये आला, दुसऱ्या कंपनीकडून, आठ वर्षांनी. एमटीव्हीचा तो काळ. व्हिडिओशिवाय गाणं चालत नाही असा दंडक. बोस्टनने ‘अमांडा’चा व्हिडिओ काढलाच नाही आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बँडचं एकमेव पहिल्या क्रमांकाचं गाणं म्हणजे एक हळुवार प्रेमगीत! अल्बमही पहिल्या क्रमांकावर. खटल्याचा निकाल १९९० मध्ये शोल्झच्या बाजूने लागला.

त्यानंतरचे अल्बम १९९४, २००२ आणि २०१३ सालचे. त्यांच्याबद्दल फार बोलत नाही; कष्ट दिसतात, गाणी राहत नाहीत. पण हिशोब करा. सहा वर्षांत दहा देणार होते. सदतीस वर्षांत सहा झाले. डेल्पने मार्च २००७ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. तोपर्यंत त्याने बीटल्सची गाणी गाणारा आपला एक वेगळा बँडही चालवला होता, लहान जागांमध्ये, हौसेने. ज्याच्या आवाजावर स्टेडियमं भरली त्याची ती हौस मला फार जवळची वाटते.

समीक्षकांनी बोस्टनला ‘कॉर्पोरेट रॉक’ म्हटलं. गुळगुळीत, हिशोबी, कंपनीने घडवलेला माल, असा त्याचा अर्थ. मला हा शब्द या बँडला लावलेला पाहून आश्चर्य वाटतं. कंपनीला फसवून, घरात, पगारातून घेतलेल्या यंत्रांवर ज्याने रेकॉर्ड केली आणि नंतर त्याच कंपनीशी सात वर्षं कोर्टात भांडला, तो कॉर्पोरेट? गुळगुळीत आहे हे खरं. पण तो गुळगुळीतपणा एका हट्टी माणसाने कानशीने घासून आणलाय, कुठल्या कमिटीने नाही. आणि ज्यांनी नव्वदीत या सगळ्या भव्य रॉकला मोडीत काढलं त्या ‘निर्वाणा’ या बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची मुख्य धून ‘मोअर दॅन अ फीलिंग’च्या कोरसशी किती मिळते ते घरी जाऊन ऐका. लोक तसं म्हणतात हे त्यांनाही ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या १९९२ च्या रेडिंग संगीत महोत्सवात आपलं गाणं सुरू करण्याआधी त्यांनी मुद्दाम बोस्टनचीच धून छेडली होती.

प्रश्न चहानंतर घेऊ. आधी ‘फोरप्ले/लाँग टाइम’ लावतो, पावणेआठ मिनिटांचं आहे. सुरुवातीचा ऑर्गनचा भाग शोल्झने कॉलेजच्या वयात रचला होता. मागच्या रांगेतल्यांनी कृपया पुढे यावं, डाव्या-उजव्या गिटारी तिथे नीट वेगळ्या ऐकू येत नाहीत.